टाकी कोणती, उभी का पडलेली?

मी एक जुनी अँब्युलन्स आहे, मित्रांनो, आणि मला एका जागी उभं राहणं अजिबात जमत नाही. तरी गेली तीन वर्षं मी सेवा मंडळाच्या शेडमध्ये उभीच आहे. मंडळ मला 'राखीव' म्हणतं. राखीव म्हणजे ताडपत्रीखाली. त्या ताडपत्रीवर कोराडीच्या वीज केंद्राची राख बसते, वर एक मांजर झोपतं आणि खाली मी नुसती धुसफुसते.

माझ्या आधी या वस्तीत खाट होती. आजाऱ्याला खाटेवर घालून चौघे जण मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायचे आणि तिथून सायकल रिक्षा. एकदा एक बाई रिक्षातच बाळंत झाली, तेव्हा पोस्टात कारकून असलेले भैयाजी पेटून उठले. त्यांनी शेजाऱ्यांना जमवून सेवा मंडळ काढलं. पहिली आली एक मेटॅडोर. तिचं मागचं दार म्हणे दोरीने बांधावं लागे. ती थकली आणि मी आले. पांढरीशुभ्र, लाल पट्ट्याची, डोक्यावर निळा दिवा. भैयाजींनी नारळ फोडला आणि स्टेअरिंग रुपरावांच्या हाती दिलं.

रुपराव कन्हानकडचे. बोलणं कमी, पण फोन आला की त्यांचा एक प्रश्न ठरलेला.

"टाकी कोणती जी? उभी का पडलेली?"

हसू नका. आमच्या वस्तीत पाण्याची एक जुनी टाकी होती. तिचे तुकडे खाली पडायला लागले, तेव्हा भैयाजींनीच अर्ज करकरून ती पाडायला लावली. नवी टाकी बांधली ती पार दुसऱ्या टोकाला, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. पण लोकांची जीभ काही हलली नाही. जुन्या जागी आता मैदान आहे, तरी तिथली माणसं आजही सांगतात, "टाकीपाशी या." म्हणून रुपराव आधी विचारायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. या एका प्रश्नावर आम्ही पंधरा वर्षं धावलो आणि एकदाही चुकीच्या दारात गेलो नाही. लोक म्हणत, रुपरावची गाडी म्हणजे घरची गाडी. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग नवी गाडी आली. थंडगार, पडद्यावर नकाशा दाखवणारी. तिचा ड्रायव्हर जितेंद्र, मुलगा हुशार आणि गाडीवर हात बसलेला. रुपराव निवृत्त झाले, सत्कार झाला, शाल मिळाली. किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली. प्रश्न मात्र कोणी कोणाला दिलाच नाही. तो कुठे लिहिलेला नव्हता ना.

रुपराव तरी रोज दहाला येतात. ताडपत्री काढतात, मला दहा मिनिटं सुरू ठेवतात, चाकांवर एकेक टिचकी मारतात. जया, आमची फोनवाली, हसते. "काका, हिले आता कोण नेते?" ते म्हणतात, "नाही नेलं तं नाही. जिती तं राहू दे."

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. त्या दिवशी रुपराव लेकीकडे कन्हानला गेले होते, म्हणून त्यांना यायला उशीर झाला. सव्वादहाला फोन वाजला. पलीकडून बाईचा आवाज होता, घाबरलेला. "छातीत दुखून राहिलं त्यायच्या. टाकीपाशी या, लवकर!" आणि फोन बंद. जयाने ओरडून सांगितलं, "जितेंद्र, टाकीपाशी!" आणि नवी गाडी भोंगा वाजवत फाटकाकडे सुसाट सुटली.

विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही! माझा जीव कासावीस झाला. पण मला तोंड कुठे आहे? माझा भोंगासुद्धा कोणी दाबल्याशिवाय वाजत नाही. इतकी वर्षं पळाले, पण त्या पंधरा मिनिटांत दमले तेवढी मी कधीच दमले नाही.

साडेदहाला रुपराव आले. जया म्हणाली, "टाकीपाशी गेला जितेंद्र."

रुपराव ताडपत्री सोडून तसेच वळले. "कोणती टाकी? इचारलं का?"

"टाकी एकच तं हाय ना, काका."

"फोन लाव परत."

तिने लावला. तीच बाई रडत म्हणाली, "अजून कोणीच नाही आलं वं! भैयाजी घामानं ओलेचिंब झाले."

ती रीना होती, भैयाजींची सून. भैयाजींचं घर पडलेल्या टाकीच्या मैदानापाशी, आमच्या शेडपासून तिसऱ्या गल्लीत! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. जितेंद्र तिकडे बंद फाटकापाशी अडकला होता.

रुपरावांनी ताडपत्री ओढून फेकली, मांजर उडी मारून पळालं, आणि त्यांनी किल्ली फिरवली. मी खोकले. पुन्हा फिरवली. मित्रांनो, ती रोजची दहा मिनिटं नसती, तर मी तिथेच मेले असते आणि माझ्याबरोबर आणखी कोणी. पण मी सुरू झाले.

रीना आणि शेजाऱ्यांनी भैयाजींना स्ट्रेचरवर घेतलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. रुपरावांना पाहून ते पुटपुटले, "तू काहून आला गा? तो पोरगा कुठं गेला?"

"टाकीपाशी गेला, जी. तुम्ही पाडाले लावली ना, ते सोडून दुसरीपाशी."

मी पळाले. दवाखान्याच्या दारापर्यंत कुठेही अडखळले नाही.

भैयाजी वाचले. महिन्याभराने काठी टेकत ते शेडमध्ये आले आणि त्यांनी माझ्या बॉनेटवर थोपटलं. मग जयाला म्हणाले, "जन्मभर लोकांचे पत्ते वाचले मी, अन् माह्याच घरच्यायले सांगता नाही आला. लिहून घे, पोरी. दत्त मंदिरामागची गल्ली, घर नंबर बावीस." जयाने लिहून घेतलं. "म्हणजे टाकीपाशीच," भैयाजी म्हणाले.

जयाने कपाळाला हात लावला.

म्हणून सांगते, मित्रांनो. माणसं पत्ता चुकीचा सांगणारच, घाबरलेली असतात बिचारी. ऐकणाऱ्याने विचारायचं सोडू नये. आणि जुनं माणूस घरी जाताना त्याला शाल जरूर द्या, पण त्याच्याकडून त्याचा प्रश्न आधी मागून घ्या.

आता जयाच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत तो प्रश्न चिकटवला आहे. जितेंद्र रोज सकाळी रुपरावांबरोबर माझ्यात बसून गल्ल्या फिरतो. एक तासच, पण पळते मी.

थांबा, फोन वाजला. ऐका, जया विचारते आहे.

"टाकी कोणती जी? उभी का पडलेली?"