तिसगावच्या लॅबमधले तीन रिपोर्ट

निकिता नगरहून तिसगावला आली ती एक सही घ्यायला. तिच्या कंपनीचा प्रोग्रॅम तिथल्या रक्त तपासणी लॅबमध्ये चालत होता, आणि त्यातून लागोपाठ तिघांचं हिमोग्लोबिन एकच छापून आलं होतं: सहा पूर्णांक आठ. त्यातल्या साळूबाईंना घरच्यांनी रक्त चढवायला थेट नगरला नेलं. तिथे निघालं बारा. लॅबवाल्या राधाकृष्णकाकांनी नमुने अदलाबदल केले, असा गावभर बोभाटा झाला. काकांकडून तसंच लिहून घे, असं निकिताच्या साहेबांनी बजावलं होतं.

"वीस वर्सं हेच करतोय, ताई," काका म्हणाले. "नाव घातल्याबिगर नळी खाली ठिवत न्हाई मी. पन करतो सही. माझं आता ऐकतंय कोन?"

निकिताने कागद पर्समध्येच ठेवला आणि ती कॉम्प्युटरसमोर बसली.

रक्त तपासणाऱ्या मशीनला प्रोग्रॅम स्वतः हात लावत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमला ठरलेल्या शब्दांत सांगतो: उघड, वाच, बंद कर. ती सिस्टिम मशीनच्या ड्रायव्हरला, म्हणजे मशीनशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, निरोप देते. ड्रायव्हर आकडे आणतो, आणि आणता आले नाहीत तर तसं स्पष्ट कळवतो. हे निरोप पडद्यावर दिसतील अशी तिने सोय केली. पहिला नमुना नीट वाचला गेला. दुसऱ्या वेळी मशीनची वायर सैल दिसली म्हणून तिने ती जरा हलवली. 'वाच'ला उत्तर आलं: वाचता आलं नाही. तरीही रिपोर्ट छापून आला. नाव नवं, आकडे आधीच्या माणसाचे.

तिने प्रोग्रॅमचा कोड उघडला. ते उत्तर तपासायची एक ओळसुद्धा कुणी लिहिली नव्हती.

"वायर सैल होती ना? मग त्यांचीच चूक," साहेब फोनवर म्हणाले. "सही घे आणि निघ."

"ड्रायव्हर सांगत होता, सर. आपणच ऐकलं नाही. आणि दोष या माणसाच्या माथी मारताय? आणखी किती लॅबमध्ये हेच चाललंय?"

"तो तुझा विषय नाही."

तिने चूक प्रोग्रॅमची असल्याचं लिहिलं, खाली स्वतःची सही केली आणि कागद काकांच्या हातात दिला. त्याचा फोटो ओळखीच्या सगळ्या लॅबना पाठवला. सोमवारी तिला ऑफिसात घेतलं नाही.

पंधरवड्याने कंपनीने दुरुस्त प्रोग्रॅम पाठवला. मिरजगावच्या एका लॅबवाल्याने सोबतचं पत्र तिला दाखवलं. त्यात या दुरुस्तीला 'नवीन सुविधा' म्हटलं होतं. काकांची माफी मागणारा फोन मात्र कंपनीतून कुणी केला नाही.