फेर्मिनच्या नावाची उचल

माझा भाऊ कासिमिरो मेला तर मी त्याच्या मयताला जाईन, पण फक्त खात्री करून घ्यायला. हे मी त्याच्या बायकोच्या तोंडावर सांगितलंय, तेव्हा इथं सांगायला मला कसली लाज?

तो आमच्या आळीच्या पालखीचा मुकादम. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आमच्या सेविया शहरातल्या आळीआळीच्या पालख्या कॅथीड्रलच्या भेटीला जातात, तशी आमची उंबरठ्याची माता मारियाही जाते. मुकादम पुढं चालतो, काळा सूट घालून, आणि हुकूम सोडतो. ओझं वाहतात ते भोई. ते पालखीच्या पोटात असतात, मखमली पडद्यांच्या आड, आडव्या तुळयांखाली, डोक्याला बांधलेली चुंबळ मानेवर घेऊन. त्यांना बाहेरचं काही म्हणता काही दिसत नाही. माझा नवरा फेर्मिन त्यांतला. मिसरूड फुटल्यापासून तिसऱ्या तुळईखाली उजवीकडं त्याची जागा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी त्याला म्हणाले होते, ‘माझ्यापेक्षा त्या तुळईवर तुझा जीव जास्त.’ तो नुसता लाजला. नाही म्हणाला नाही, हे लक्षात घ्या.

दर हिवाळ्यात भोयांची मापं घेतात. एका तुळईखालच्या सगळ्यांच्या माना एका उंचीच्या लागतात. एखादा बुटका निघाला की त्याच्या वाटचं वजन शेजाऱ्याच्या मणक्यावर जातं. आता वय झालं की माणूस खचतोच. फेर्मिनही खचला, बोटभर. मग मी त्याच्या दोरीच्या चपलेत बुचाचा तुकडा घालून वरून शिवून दिला. पुढच्या वर्षी जरा जाड घातला. असा बेमालूम शिवला होता की कुणाच्या बापाला कळला नसता.

कासिमिरोला कळला. यंदा मापाच्या वेळी, सगळ्या भोयांसमोर म्हणतो, “दाजी, जरा चप्पल काढा बघू.” ते बूच उचकटून दोन बोटांत धरून त्यानं वर केलं. “बघा रे, आमच्या दाजींनी उंच टाचा घातल्यात! पुढच्या वर्षी झगा पण शिवून आणतील!”

सगळे फिदीफिदी हसले. फेर्मिन एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन घरी आला. त्या दिवसापासून तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला तो बसलाच. कोपऱ्यावरच्या बारमध्ये जाईना, कुणी हाक मारली तर ओ देईना. पालक घातलेले हरभरे म्हणजे त्याचा जीव की प्राण, तेसुद्धा ताटात तसेच राहायचे. मी काही बोलले की ‘हूं’. अहो, भिंतीशी भांडलं तरी एवढा वैताग येत नाही.

मी तडक कासिमिरोकडं गेले. “अरे, माप चुकलं तर बाजूला घेऊन सांगायचं होतंस. आता त्याची माफी माग. ज्यांच्यासमोर हसलास त्यांच्यासमोरच माग.”

“ताई, उद्या शेजारच्या गड्याची मान मोडली असती तर त्याच्या आईची माफी कोण मागणार होतं? तू?”

“तुझी जीभ मोडली असती तर बरं झालं असतं.”

तिथंच आमचं बोलणं तुटलं.

पालखी निघायच्या आदल्या दिवशी भावजय आली. म्हणे, कॅथीड्रलच्या आत पालखी टेकवली की पुढची उचल फेर्मिनच्या नावानं करायचं कासिमिरोनं ठरवलंय. आमच्यात तशी रीत आहे. उचलण्याआधी मुकादम एखाद्याचं नाव घेतो, आणि त्या माणसासाठी भोई पालखी उचलतात.

“ती रीत मेलेल्यांसाठी असते,” मी म्हणाले, “नाहीतर मरायला टेकलेल्यांसाठी. माफी कुठाय?”

पण मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. फेर्मिन उभा होता. “माझा सूट कुठं ठेवलायस?” इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आपणहून बोलला. मग माझं काय चालणार? काढला सूट, केली इस्त्री.

मला ते कॅथीड्रल कधीच आवडलं नाही. बाहेर रस्त्यावर संत्र्याच्या फुलांचा वास, मेणाचा वास, माणसांची ऊब. आत पाय टाकला की गुडघे ठणकायला लागतात. एकेक खांब आमच्या घरापेक्षा रुंद. जुन्या लोकांनी ते देवासाठी बांधलं म्हणतात. मला विचाराल तर आपल्याला आपली लायकी दाखवायला बांधलंय.

फेर्मिन मान वर करून बघतच राहिला. “हे एवढं उंच आहे?”

“अरे, जन्म गेला तुझा इथं येण्यात!”

“मी खाली बघत यायचो ना. मला पुढच्याच्या टाचा तेवढ्या ठाऊक.”

एरवी तिथं पर्यटकांच्या रांगा, आमच्या आळीतलं कोण मरायला जातंय! म्हणजे बघा, एवढी वर्षं हा माणूस मातेला घेऊन तिथं जात होता, आणि त्यानं ना छत पाहिलं होतं, ना त्या छताखालची माता. मला एकदम भडभडून आलं, आणि भडभडून आलं की मला रागच येतो.

“सांगून ठेवते,” मी म्हणाले, “त्यानं माफीचा शब्द काढला नाही तर मी गप्प बसणार नाही.”

“इथं आवाज करायचा नसतो, आंगुस्तियास.”

“तू नको करूस. तुला सवय आहे.”

पालखी आत आली. आत वाजंत्री बंद असते. दोरीच्या चपला फरशीवर घासत येतात तेवढाच आवाज. आणि मेणबत्त्यांच्या उजेडात ती, आमची माता. फेर्मिनचे डोळे भरून आले. “समोरून अशी दिसते होय,” असं काहीतरी पुटपुटला. पालखी नेमकी आमच्यापुढं टेकली. कासिमिरोनं आम्हाला पाहिलं. फेर्मिननं कॉलर सरळ केली.

कासिमिरोनं पालखीच्या तोंडाशी असलेली, उचलायचा इशारा द्यायची पितळी हातोडी हातात धरली. “पोरांनो, ही उचल माझ्या दाजींसाठी, फेर्मिनसाठी! जन्मभर तिसऱ्या तुळईखाली उभा राहिलेला भोई. आज तो वरून आपल्याकडं बघतोय. त्याच्यापर्यंत पोचू दे हिला, आभाळापर्यंत!”

वरून! मेल्यांची नावं घेऊन घेऊन तोंडाला सवय लागलेली, नेहमीच्या वाक्याचं शेपूट आपसूक बाहेर पडलं. शेजारच्या बाईनं छातीवर क्रूस केला. “देव त्याच्या आत्म्याला शांती देवो.” आणि माझा फेर्मिन, भांग पाडलेला, इस्त्रीच्या सुटातला, त्यानंही क्रूस केला!

माझं डोकंच फिरलं. “वरून कुठून रे मेल्या? हा बघ, हा इथं उभा आहे! सख्ख्या बहिणीला विधवा करतोस?”

तो आवाज छताला जाऊन परत आला. ‘विधवा करतोस’ हे मी स्वतःच दुसऱ्यांदा ऐकलं. एक पाद्री सापासारखा फुत्कारला, कुणीतरी हसलं. कासिमिरोचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, “मुकादम, फेर्मिनकाका आलेत का?”

“आलेत!” मीच सांगितलं.

“मग बाहेर काय करतायत? आत पाठवा त्यांना!”

“नाहीतर आम्ही उचलत नाही,” आतून दुसरा म्हणाला.

कासिमिरो माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, “ताई, नको. एवढं ऐक माझं.”

“का? आता का गयावया करतोस? नाक कापलं जातंय?” मी फेर्मिनला ढकललं. “जा. जा म्हणते ना!”

फेर्मिननं कोट काढून माझ्या हातात दिला. त्याच्या जागेवरचा गडी बाहेर आला, लालबुंद मानेचा, घामानं निथळणारा. त्यानं आपली चुंबळ सोडून फेर्मिनच्या डोक्यावर नीट बांधली. कासिमिरोनं पडदा वर धरला, आणि माझा नवरा आत गेला.

हातोडीचे टोले पडले आणि पालखी एका दमात उठली. एकही मेणबत्ती विझली नाही. कासिमिरोच्या शेजारून जाताना मी म्हणाले, “बघितलंस?” त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी हातात कोट घेऊन, मान ताठ करून, दारापर्यंत पालखीबरोबर चालले. त्या फुत्कारणाऱ्या पाद्र्यालाही असं बघितलं की त्यानं नजर वळवली. जिंकले होते मी.

दाराशी पालखी टेकली. फेर्मिन वाकून बाहेर आला. मी त्याची चुंबळ सोडली आणि घाम पुसायला रुमाल काढला. मान कोरडी होती. गार होती.

“काय रे?”

“लागलीच नाही गं,” तो म्हणाला. “तुळई. सगळी वाट टाचा उचलून चाललो, तरी मानेला लागली नाही. माझं पण शेजारच्यानंच वाहिलं. कण्हत होता बिचारा.”

कासिमिरो तिथंच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. मी वाट बघत होते. आता बोल म्हटलं, आता मार टोमणा, माझ्याकडं उत्तर तयार होतं.

“दाजी, कोट घाला,” तो म्हणाला. “गारठा आहे.” आणि माझ्या हातातून कोट घेऊन त्यानंच तो फेर्मिनच्या खांद्यावर घातला.

म्हणून मी त्याच्याशी बोलत नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर कधीच माफ करून टाकलं असतं.