वाघबारशीची मोटर

"हिच्यापरीस माजी म्हस आदी पोचंल मुरबाडाला," सुक्या बोंबलांची पाटी मांडीवर आवळत सकुबाई शेजारच्या गुणाबाईच्या कानाशी पुटपुटली. "आन् म्हस दूध तरी देते."

गुणाबाई हसली. तिची मोटरीविषयी काही तक्रार नव्हती. लढाईपायी पेट्रोल दिसेनासं झालं होतं आणि मोटरीच्या ढुंगणाला कोळशाची भट्टी लटकली होती. भट्टी खुशीत असली की मोटर चाले, रुसली की उभी राही. चढ आला की माणसांनी उतरून चालायचं. सकाळी खर्डीहून आसनगावापर्यंतची पॅसेंजरही तशीच, येणाऱ्याजाणाऱ्या मालगाडीला वाट देत आलेली. गुणाबाईला हे सगळं गोड लागत होतं. तिचं कामच सावकाशीचं होतं.

पुढे ड्रायव्हरशेजारी धोंडूशेट बसला होता. जंगलाचा ठेकेदार, मोटरीच्या भट्टीत जळत होता तो कोळसाही त्याचाच. त्याच्या मागच्या बाकावर म्हातारा नवसू, एके काळी शेटच्या शिकारीत हाका घालणाऱ्यांचा, म्हणजे आरडाओरडा करून रानातलं जनावर उठवणाऱ्यांचा म्होरक्या. दर वाघबारशीला दोघं शेणव्यापुढच्या वाघोबाला नारळ द्यायला येत. म्हणून तर गुणाबाईनं हीच मोटर धरली होती.

तिचं लग्न नवंनवं होतं तेव्हा अशाच एका हाक्यात तिचा नवरा विठू गेला. वाघानं मारला, असं सगळ्यांनी सांगितलं. वाघानं मारलेला माणूस वाघोबाच्या चाकरीला लागतो, असा त्यांच्याकडचा रिवाज. त्याचा दगड घराजवळ नाही, तो मेला त्या रानाच्या शिवेवर, वाघोबाशेजारी. पितरांच्या पंधरवड्यात त्याच्या नावानं घरात पान वाढायचं नाही. गुणाबाई सासऱ्याचं पान वाढी, सासूचं वाढी, दिराचंही वाढी, आणि नवरा आपला शिवेवर उपाशी. खरं तर त्याला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती. पाठीत एक भोक होतं, एवढंच. वाघाला एकच नख असतं हे तिला तोवर ठाऊक नव्हतं.

ती तेव्हा बोलली होती. पोरगी दुःखानं भ्रमली, म्हणाले. बायकोच्या शब्दावर दगड हलत नाही. हाक्यात असलेल्यानं बोलायला हवं. आणि हाक्यातले सगळे शेटच्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबणारे.

"वो शेट," तिनं साखर घोळवून हाक मारली, "या सकुबायला सांगा ना आमच्या माणसाची गोष्ट. तुमच्यावानी कोनाला सांगता येत नाय."

शेट खुलला. मान मागे वळवून सुरू झाला. "काय सांगू सकुबाय! डाव्या अंगाच्या करवंदीतनं निघाला, अस्सा ढाण्या..."

"डाव्या?" गुणाबाई म्हणाली. "मागं बाजारात उजव्या बोल्ला होतात ना वो?"

"उजव्याच. म्हंजे माज्या उजव्या."

"हां, तुमच्या उजव्या."

सकुबाईनं बोंबलांवरचं फडकं उगाच सारखं केलं. नवसू खिडकीबाहेर बघू लागला.

चढ आला, मोटर खोकली, सगळे उतरले. मागं माहुली गडाचे सुळके धुक्यातून डोकं काढत होते. गुणाबाई मुद्दाम शेटच्या पावलाला पाऊल लावून चालली.

"बगा शेट, गड कसा उभा हाय. किती राजे आले, किती गेले. त्यानं समदं बघितलं आसंल, नाय?"

शेट धापा टाकत होता. तेवढ्यात रानातून भेकर भुंकलं. एकदा, मग पुन्हा.

"वाघ फिरतोय," ती हळूच म्हणाली. "शेट, वाघानं धरल्यावर आमचं मानूस वरडलं का वो?"

"वरडला की."

"आन् तुमी गोळी घातली ती वाघाला लागली?"

"लागली म्हंजे! लागलीच."

"मंग वाघ कुठं पडला?"

शेटला दम लागला. चढ होताच तसा.

मागे काठी टेकत नवसू येत होता. गुणाबाई त्याच्यासाठी थांबली. फडक्यातली नाचणीची भाकर मोडून तिनं अर्धी त्याच्या हातात ठेवली.

"खा दादा. आमच्या मानसाच्या वाट्याची हाय. त्याला घालाय बंदी, मंग कोनाला तरी घालावी."

नवसूनं भाकर धरली. खाल्ली नाही. पुन्हा मोटरीत बसल्यावरही ती तशीच हातात होती.

वाघोबापाशी मोटर थांबली. शेंदूर फासलेल्या फळीवर कोरलेला वाघ, वर चांद-सूर्य, आणि बाजूला विठूचा दगड. समोरच्या चिखलात ताजा पंजा उमटला होता, परातीत भाकर थापावी तसा रुंद.

"बाय गो!" सकुबाईनं पदर तोंडाला लावला. "याची नखं लागली तर मानूस वळखू नाय यायचा!"

गुणाबाईनं वाकून विठूच्या दगडावरची वाळली पानं झाडली.

वाघबारशीला नारळाआधी तिथं वाघाची एक गोष्ट सांगायची असते. शेट दरवर्षी लांब उभा राहून विठूचीच सांगे. आजही त्यानं घसा खाकरला.

"दगडावर हात ठेवून सांगा शेट," गुणाबाई म्हणाली. "आपली रीत हाय ना ती. गोष्ट तर खरीच हाय."

शेटनं हात पुढे केला. दगडाला लागायच्या आत तो मागे आला आणि धोतराला पुसला गेला.

"घसा बसलाय माजा," तो म्हणाला. "नवसू, तू सांग रे. तू व्हतास तिथं."

इतक्या वर्षांत शेटची हीच काय ती चूक झाली.

नवसू पुढे आला. गुडघे कुरकुरत खाली बसला. हातातली अर्धी भाकर त्यानं दगडापुढे ठेवली. "घे, इठू," म्हणाला. मग दोन्ही तळवे दगडावर टेकले. मागे मोटरीची भट्टी विझत चालली होती, आणि ड्रायव्हरलाही ती ढवळायचं सुचत नव्हतं.

"नवसू!" शेट ओरडला.

नवसूनं मान वळवली नाही.

"वाघ नव्हता गो, गुणाबाय. त्या हाक्यात वाघ निघालाच नाय. शेटची गोळी लागली त्याला, पाठीत."