जांभळे धागे

वहिनीनं सहा वर्षं वाफ्यांवर काळा प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर अंथरला होता. आता त्याच्या चिंध्या मातीत मिसळलेल्या पाहून तिची झोप उडाली. प्लॅस्टिकचा भुगा मुळांवाटे पिकात शिरतो, असं तिनं कुठंसं वाचलं होतं. म्हणून गाजरांची जुडी घेऊन ती थेट नणंदेच्या प्रयोगशाळेत धडकली.

नणंदेनं गाजराचा रस गाळला, गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, धागे आहेत गं. बरेच."

वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली. हीच गाजरं तिनं घरोघरी पोचवली होती.

"पण जांभळे कसे?" नणंद पुटपुटली. "तुझा पेपर तर काळा." तिनं तुलनेसाठी शेजारी ठेवलेली बशी तपासली. तिच्यात नुसतं शुद्ध पाणी होतं, तरी तिथंही जांभळे धागे!

दोघींची नजर एकदमच नणंदेच्या स्वेटरवर गेली. तो जांभळा नायलॉनचा स्वेटर वहिनीनंच विणून तिच्या गळ्यात मारला होता.

नणंदेनं स्वेटर बाहेर टांगला, सुती एप्रन चढवला आणि नव्या गाजराचा रस गाळला. या वेळी गाळणकागद कोरा निघाला. वहिनीचा जीव भांड्यात पडला. तरी उरलेला पेपर उद्याच उचलून पेंढा अंथरायचा, हे तिनं तिथंच ठरवलं.

"मग रिपोर्टात काय लिहू?" नणंद हसली. "गाजरं निर्दोष, नणंद दोषी?"

"लिही, आणि खाली सही कर," वहिनी म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय, पण तुझ्या भावाला पटत नाही."