उपदेशातली बाई

गोष्ट सापडली की माझा नवरा अंगठ्याने हनुवटी घासत घरभर फिरतो. शनिवारी दुपारी मी बाल्कनीत ढब्बूची दुपटी वाळत घालत होते आणि तो स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात अशा फेऱ्या मारत होता. ते बघूनच मी काय ते ओळखलं.

तो चर्चचा पाळक आहे. दर रविवारी उपदेशात रोजच्या जगण्यातली एखादी साधी गोष्ट घेतो आणि तिच्यात देव कुठे बसलाय ते दाखवतो. लोकांना फार आवडतं. अडचण एवढीच, की त्याचं रोजचं जगणं म्हणजे मी. गळका नळ आमचा. करपलेलं दुधाचं पातेलं माझं. एकदा दार ओढलं गेलं आणि मी घराबाहेर अडकले, तर त्यावरून तो वाट पाहण्याबद्दल इतकं सुंदर बोलला की मागच्या बाकांवरच्या बायका रडल्या. फक्त मी गाऊनवर होते हे त्याने सांगायला नको होतं. पुढे कित्येक दिवस भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कुणी ना कुणी विचारायचंच, "काय पाळकबाई, किल्ली घेतली ना?" मी हसायचे. एवढं चालतं.

"उद्यासाठी काय घेतलंस?" मी विचारलं.

तो थांबला. "तू परवा भांडी घासताना बोललीस ना, ते."

हातातलं दुपटं तसंच राहिलं.

परवा मी जे बोलले, ते बोलायला मला महिना लागला होता. गेल्या महिन्यात ढब्बूच्या छातीत कफ भरला. आठ महिन्यांचं पोर, नावाप्रमाणे गुबगुबीत, आणि बघता बघता निळं पडायला लागलं. दवाखान्यात त्याला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. एक अख्खा दिवस तो राहतो की जातो ते कुणी सांगेना. माझा नवरा बाहेर कॉरिडॉरमध्ये प्रार्थना करत होता. चर्चमध्ये बायकांनी पाळ्या लावून प्रार्थना चालू ठेवली होती. पियानोवाल्या काकूंचे गुडघे कधीचेच गेलेत, तरी त्या गुडघे टेकून बसल्या आणि मग दोघींनी धरून त्यांना उठवलं. आणि आत बसलेली मी, पाळकाची बायको, मी दिवसभरात एकदाही देवाचं नाव घेतलं नाही. सुचलंच नाही. मी एका चष्मेवाल्या नर्सच्या हातांकडे बघत होते. ती चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून ॲप्रनच्या कडेला लावून ठेवायची, नळी सुटली तर शोधाशोध नको म्हणून. त्या तुकड्यांवर माझा विश्वास होता. दुसऱ्या कशावरच नव्हता.

ढब्बू बरा होऊन घरी आला. देवाने ऐकलं, असं जो तो म्हणाला. मीही "हो" म्हणत राहिले. तेव्हापासून प्रार्थनेला डोळे मिटले की मला कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटतं.

हे सगळं परवा तोंडून निघून गेलं. तो ताटं पुसत होता. त्याने हातातल्या ओल्या फडक्यासकट मला जवळ घेतलं. किती हलकं वाटलं होतं मला.

"नाही," मी म्हणाले.

"अगं, ऐकून तर घे. ते तुकडे! इतकी वर्षं पुस्तकं वाचून मी जे शोधतोय, ते तू त्या खोलीत डोळ्यांनी बघितलंस. तीच श्रद्धा आहे. तुला वाटतंय तू देवाकडे पाठ केलीस, आणि सगळा वेळ तू..."

"हे मला सांग. हवं तितक्या वेळा सांग. मंडळीला नको."

"तुझं नाव घेणार नाही. 'एक आई' म्हणेन."

"एक आई! दवाखाना, नळी, आणि सांगणारा कोण, तर तू. आता लोकांना काय पत्ताही लिहून देणार आहेस?"

तो हसला. मी हसले नाही.

"काकू गुडघ्यांवर बसल्या होत्या रे. त्यांनी हे ऐकायचं? की त्या तिकडे कळवळत होत्या आणि आतली बाई चिकटपट्टीकडे बघत बसली होती? आणि आईंना काय वाटेल?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्याही पाळकाच्याच बायको. सासरे गेल्यापासून आमच्याकडे असतात. ढब्बू दवाखान्यात होता तेव्हा त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. खालच्या आवाजात तो म्हणाला, "उद्या पंच बसणार आहेत. विसरलीस?"

कशी विसरेन? इथे त्याला वर्षाच्या बोलीवर घेतलं होतं आणि वर्ष संपत आलं होतं. रविवारच्या उपासनेनंतर चर्चचे पंच त्याला ठेवायचं की नाही ते ठरवणार होते. आम्ही राहतो ते घर चर्चचं. पद गेलं की घर गेलं. आणि दवाखान्यातून आल्यापासून त्याचे उपदेश कोरडे होत चालले होते. पंचांचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. सगळे त्यांना हेडमास्तरच म्हणतात. ते आजकाल मधेच मनगटावरचं घड्याळ बघायला लागले होते.

"माझ्याकडे दुसरं काही नाहीये," तो म्हणाला. "खरंच नाही. आतून रिकामा झालोय मी. हे एकच खरं हाताला लागलंय."

"हाताला नाही लागलं. मी दिलंय."

आत ढब्बू रडायला लागला. मी गेले. त्यानंतर आम्ही मीठ, औषध, इस्त्री एवढंच बोललो.

रविवारी सकाळी शर्टाची वरची गुंडी लावताना तो म्हणाला, "अजून ठरवलं नाहीये मी." लग्नाला चार वर्षं झाली की या वाक्याचा अर्थ कळतो. ठरलं होतं.

चर्चमध्ये आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो, मी, मांडीवर ढब्बू आणि शेजारी आई. पियानोकडे जाता जाता काकूंनी ढब्बूचा गाल ओढला. "हे आमचं बाळ हं! मागून घेतलंय आम्ही," त्या म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. पुढच्या बाकावर हेडमास्तर हाताची घडी घालून बसले होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बाकीचे पंच, तोंडी परीक्षा घ्यायला बसल्यासारखे.

गीत संपलं. तो उभा राहिला. पाण्याचा ग्लास उगाचच उजवीकडून डावीकडे ठेवला.

"मंडळी, गेल्या महिन्यात एका दवाखान्यात एक आई बसली होती."

झालं. एकेक करून माना माझ्याकडे वळल्या. आडून बघण्याचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. पियानोच्या स्टुलावरून काकू मागे वळून माझ्याकडे बघून तोंडभर हसल्या. माझी मान खाली गेली. मी ढब्बूचा पायमोजा नीट करायला लागले. तो नीटच होता. बाहेर जायचं, बस. रडणाऱ्या मुलांसाठी मागे एक खोली आहे, पण ढब्बू रडत कुठे होता? तो माझ्या दंडावर लाळ गाळत गाढ झोपला होता. हळूच एक चिमटा काढावा असंही मनात येऊन गेलं. मी पिशवी उचलली.

आईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कुठे?"

"बाहेर. याला जरा..."

"तो झोपलाय."

"आई, जाऊ द्या ना मला."

"बस." त्या समोर बघत, ओठ न हलवता बोलत होत्या. "काय आहे ते मला माहीत नाही. मला सांगूही नकोस. पण तुझी मान गेली ना खाली, तशी माझी जायची. तुझे सासरे माझं सगळं सांगायचे. माझं पहिलं बाळ गेलं, तेसुद्धा. मी दर वेळी उठून बाहेर जायचे. आणि मी बाहेर गेले की त्यांना आणखी छान सुचायचं."

पहिलं बाळ? या घरात ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर घट्ट होता.

"बघ त्याच्याकडे," त्या म्हणाल्या.

"आणि तरी बोलला तर?"

"तर तोंडावर बोलू दे."

मी पिशवी खाली ठेवली आणि मान वर केली.

तो नर्सपर्यंत पोचला होता. तिचा चष्मा, तिचा ॲप्रन, कडेला लावलेले ते तुकडे. किती सुरेख सांगत होता! मी सांगितलेलं, पण माझ्यापेक्षा चांगलं. मंडळी पुढे सरकून बसली होती. हेडमास्तरांच्या हाताची घडी सुटली होती. आणि त्याचा चेहरा... इतक्या दिवसांत विझलेला तो चेहरा पुन्हा उजळत होता. मला त्याचा राग येत होता आणि त्याच वेळी वाटत होतं, हाच तो, याच्यासाठीच तर मी घरच्यांशी भांडून आले. एक वाक्य राहिलं होतं. ते बोलला की घर राहणार होतं, पद राहणार होतं. माझं काय राहणार होतं ते मला कळत नव्हतं.

"बाहेर सगळे प्रार्थना करत होते," तो म्हणाला. "आणि आत ती आई..."

बोलताना तो आधी डावीकडच्या बाकांकडे बघतो, मग मधल्या, मग उजवीकडच्या. सवयच आहे त्याची. नजर फिरत फिरत माझ्यापाशी आली. मी डोळे वटारले नाहीत, मान हलवली नाही, हसलेही नाही. नुसती बघत राहिले. डोळ्यांत पाणी जमायला लागलं, तरी पापणी लवू दिली नाही.

"ती आई..." तो पुन्हा म्हणाला.

पियानोचं स्टूल करकरलं. कुणीतरी खोकलं. तो पाणी प्यायला.

"हं, पुढे?" हेडमास्तर मोठ्याने म्हणाले, पाढा अडलेल्या मुलाला म्हणावं तसं. मागे दोघंतिघं हसली.

"पुढचं मला सांगता येणार नाही," माझा नवरा म्हणाला. मग लगेच, "नाही. सांगता येतं. पण सांगणार नाही. ते माझं नाही. मला कुणीतरी विश्वासाने दिलं होतं आणि मी ते न विचारता... म्हणजे विचारलं. नाही म्हटलं गेलं. तरी घेऊन आलो, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. आत्ताही नाहीये." त्याने दोन्ही हातांनी समोरचं लाकूड धरलं होतं. "आपण जरा शांत बसू या."

आणि तो मागच्या खुर्चीवर जाऊन बसला.

किती वेळ बसायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. आधी लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग छताकडे. रस्त्यावर एक गाडी मागे घेताना पीं पीं करत होती, तीही थांबली. ढब्बूचा श्वास आता साफ होता, छाती वर, खाली, वर, खाली. मी प्रार्थना केली नाही. खोटं कशाला बोलू? पण तिथे बसवत होतं. कुणाच्या घरात घुसल्यासारखं वाटत नव्हतं.

शेवटी काकूंना राहवलं नाही. त्यांनी धाडकन गीत सुरू केलं, तेही भलत्याच पट्टीत, आणि सुटलो एकदाचे अशा आवाजात सगळे गायले.

दारापाशी तो नेहमीसारखा हात मिळवायला उभा होता. हेडमास्तर थांबले.

"आज अर्ध्यातच सोडलंत."

"हो."

"मग पंचांसमोर काय सांगू? उपदेश झाला म्हणू की नाही झाला?"

"नाही झाला, म्हणा."

हेडमास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग ढब्बूकडे. "तर मग बैठक पुढच्या रविवारी. पूर्ण झालेला ऐकवा. तोही असाच राहिला तर मला काही बोलता येणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

ते गेल्यावर काकू लंगडत माझ्याजवळ आल्या. "पुढे काय केलं गं त्या आईने?"

टाळता आलं असतं. पण त्या मला विचारत होत्या, सगळ्या मंडळीला नाही. "मी सांगीन तुम्हाला, काकू. तुमच्या घरी येऊन. आज नाही."

"ये," त्या म्हणाल्या आणि माझं मनगट दाबून निघून गेल्या. ऐकल्यावर पुन्हा दाबतील का, कोण जाणे.

घरी आल्यावर तो बूटही न काढता पलंगाच्या कडेला बसला. मला वाटलं होतं तो खचला असेल. तो तर चिडला होता.

"तू मान खाली घातली असतीस ना, तर मी बोललो असतो."

"माहीत आहे."

"फार छान झालं असतं ते."

"तेही माहीत आहे. निम्मं ऐकलं मी."

"घर जाईल आता. पुढच्या रविवारपर्यंत मी काय आणू? कुठून आणू?"

"नको आणूस. जे नाही ते नाही, असं सांग."

"त्याला उपदेश म्हणत नाहीत."

मी ढब्बूला पलंगावर ठेवलं. तो जागा होऊन बापाच्या बाहीशी झोंबायला लागला. नवऱ्याने बाही सोडवून घेतली नाही. खाली बुटांकडे बघतच त्याने जे विचारलं, ते मला वाटतं पंच, घर, पगार या सगळ्याच्या खाली दबून राहिलं होतं.

"आता तू मला काही सांगायची नाहीस ना?"

पटकन "असं कसं" म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं. पण मला खरंच माहीत नव्हतं. त्या दिवशी भांड्यांपाशी जी होते, ती मी आता नव्हते. त्याने शब्द गिळला होता, पण तो गिळायला त्याला माझे डोळे लागले होते. दर वेळी असं टक लावून बसायचं का मी? मी गप्प राहिले, आणि त्यालाही त्या गप्पपणात बसू दिलं. त्याने मान वर केली नाही, समजूत घातली नाही, देवाबद्दल काही बोलला नाही. नुसता थांबला.

आईंनी बाहेरून हाक मारली, "जेवायला येताय ना?"

मी उठून दार लोटून घेतलं. पुन्हा त्याच्या शेजारी येऊन बसले आणि काचेच्या खोलीतलं उरलेलं सांगायला लागले, भांडी घासताना जे राहून गेलं होतं ते. काय, ते त्याचं आणि माझं. आईंनी आणखी एकदा हाक मारली आणि मग ताटं झाकून ठेवल्याचा आवाज आला.