मार खाणाऱ्या लाकडी गड्याची कैफियत

मित्रांनो, तुम्हाला नमस्कार करायला मला हात कमी नाहीत, उलट एक जास्तच आहे. मला हात तीन, पाय एक आणि डोकं अजिबात नाही. तरी सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीत मी अनेक वर्षं राहतोय आणि डोक्यावाचून तिथे माझं काही अडलेलं नाही.

चिनी कुंग फू शिकणारी माणसं ज्याच्यावर हात चालवून सराव करतात, तो लाकडी गडी मी. रस्ता रुंद करताना पाडलेल्या चिंचेच्या खोडातून सोनबा सुतारांनी मला घडवलं. कुंग फूचा वर्ग घेणाऱ्या राकेश सरांनी त्यांना मोबाइलवर माझ्या जातभाईचा फोटो दाखवला होता.

"याला चौथा हात नको?" सोनबांनी विचारलं.

"नको."

"पाय एकच?"

"एकच."

"आणि डोकं?"

"डोकं नसतंच याला."

सोनबांनी रंधा खाली ठेवला. "सर, तुम्ही एकदा घरी विचारून या."

तरी त्यांनी मला मन लावून घडवलं, जड लोखंडी बैठकीत बसवलं आणि मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन उभा राहिलो. रोज सकाळी वर्ग भरायचा. आधी गुडघ्यांसाठी सावकाश हातवारे, मग स्वसंरक्षणासाठी मी. शिकायला आलेली बहुतेक मंडळी निवृत्त होती आणि भलतीच सभ्य होती. मला मारायच्या आधी माझ्या हाताला दुधाची पिशवी अडकवायची आणि मारून झाल्यावर "लागलं नाही ना?" असं विचारायची. मित्रांनो, मार खाणं हाच माझा धंदा. मार खाल्ल्याशिवाय मला बरं वाटत नाही.

यांच्यात प्रेमलाबाई होत्या, दुसऱ्या मजल्यावरच्या. मोटरसायकलवरच्या दोघांनी त्यांचं मंगळसूत्र खेचून नेलं, त्या हिसक्यात खांदा धरला आणि खांद्यापेक्षा जास्त भीतीनं धरलं. तेव्हापासून त्यांचे यजमान बापूराव सगळीकडे सोबत जायचे, मंडईतसुद्धा. बापूराव सोसायटीचे सेक्रेटरी. भाजीवाला जे पहिलं पुढे करेल ते पिशवीत टाकून ते मोकळे व्हायचे. प्रेमलाबाईंनी उभ्या जन्मात टोक मोडून बघितल्याशिवाय भेंडी घेतली नव्हती. आता घरात रोज लाकडासारखी जून भेंडी शिजत होती. (लाकूड म्हणून मला या उपमेचं वाईट वाटतं, पण खरं ते खरं.)

बाईंना एकच हवं होतं, मंडईत एकटीनं जाणं.

बापूराव म्हणाले, "जा की. ज्या दिवशी हा ठोकळा जागचा हलवशील, त्या दिवशी खुशाल एकटी जा."

ठोकळा म्हणजे मी.

सुरुवातीला बाई मला थालीपीठ थापल्यासारखं थापायच्या. सर सांगायचे, "काकू, खांद्यानं ढकलू नका. पाय जमिनीत रोवा, जोर कमरेतून येऊ दे, हात सगळ्यात शेवटी." हळूहळू खांदा सुटला. मग एके दिवशी त्यांच्या ढकलण्यानं मी चक्क कुरकुरलो. बाई हसल्या. मीही हसलो असतो, पण तोंड कुठंय?

आणि नेमकी खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात, शिलाई मशीनपासून पान्यापर्यंत. सरांनी मला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि सुट्टीला गावी गेले.

इथेच घोटाळा झाला. तळमजल्यावरच्या इंदुबाईंनी कुंकू पाहिलं, हार पाहिला आणि चपला काढल्या. मागून येणाऱ्यानं चपला पाहिल्या आणि आपल्याही काढल्या. संध्याकाळपर्यंत माझ्यापुढे समई, नारळ आणि पेढे.

"तीनच हात कसे हो?" कुणीतरी विचारलं.

"चौथा आशीर्वादाचा. तो दिसत नसतो," इंदुबाई म्हणाल्या.

"आणि पाय एकच?"

"तपश्चर्येला उभे आहेत ते."

सर परतले, वर्ग भरला, पण मला कुणी मारेना. एका आजोबांनी हलकेच टिचकी मारली आणि लगेच दोन्ही कान पकडले. सरांनी स्वतः मूठ उगारली, तर इंदुबाईंनी त्यांच्याकडे बघत घंटा वाजवली. मूठ उघडली आणि तिचा नमस्कार झाला.

बापूराव खूश. त्यांनी पाटी लावली, 'देवास हात लावू नये. शेजारी वाहन लावू नये. सेक्रेटरींचे वगळून.'

सर कंटाळले. म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून वर्ग येरवड्याला." आता तिथवर बाईंना नेणार कोण? बापूराव? ते तर पेढे खात होते. मीही हवालदिल झालो. अंगावर तेलाचे ओघळ, पेढ्यांमुळे मुंग्या, आणि मार मात्र नाही.

मग एका सकाळी सगळे जमलेले असताना प्रेमलाबाई खाली आल्या. हातात अक्षतांची वाटी.

"इंदुबाई, दसरा होऊन गेला. देव असे बसवून ठेवायचे नसतात. उत्तरपूजा करायला हवी."

इंदुबाई रीतीच्या पक्क्या. नाही कसं म्हणणार? पूजा संपली की मूर्तीवर अक्षता वाहायच्या, मूर्ती जराशी जागची हलवायची. मग देव आपल्या घरी जातो आणि मागे उरते ती नुसती वस्तू.

"अहो, पण नुसत्या अक्षतांनी चालत नाही," इंदुबाई म्हणाल्या. "हलवावं लागतं. हे धूड कोण हलवणार?"

"चार माणसं लागतील," जिन्यातून बापूराव म्हणाले.

प्रेमलाबाईंनी पदर खोचला, अक्षता वाहिल्या, पाय रोवले आणि दोन्ही तळवे माझ्या छातीवर ठेवले. श्वास सोडला. जोर कमरेतून आला.

खर्रर्र.

मित्रांनो, मी हललो. हललो कसला, गुळगुळीत शहाबादी फरशीवरून चांगला घसरत गेलो आणि शेजारच्या स्कूटरवर आदळलो. तिथे एकाच माणसाला वाहन लावायची परवानगी होती, हे तुम्हाला आठवत असेलच.

देव गेले का ते मला ठाऊक नाही. बाईंनी मात्र वाट पाहिली नाही. पुढे आल्या आणि ठक. माझ्या अंगावरच्या मुंग्या धडाधड गळाल्या. आहाहा.

बापूराव आडव्या स्कूटरकडे बघत राहिले, मग माझ्या रिकाम्या जागेकडे.

"पिशवी द्या," बाई म्हणाल्या.

"अगं, थांब, मी येतो ना सोबत."

"तुम्ही स्कूटर उचला."

त्या दिवशी त्यांच्या घरी कोवळी भेंडी झाली. वर्ग येरवड्याला गेला नाही. इंदुबाईसुद्धा आता मला मारतात, मात्र आधी चपला काढून.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरी धूळ खात पडलेली व्यायामाची सायकल असेल, हार घालून ठेवलेली बाजाची पेटी असेल. अक्षता टाका, जरा हलवा आणि वापरायला घ्या. वापरलं नाही की आम्हाला मुंग्या लागतात. आणि माझ्याकडे कधी आलात, तर हात जोडू नका, हात चालवा. मनगट मात्र सरळ ठेवा, मी चिंचेचा आहे.