उशाकडचं फाटक

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पलंग आहे. म्हणजे अर्धाच. माझी उशाकडची बाजू तेवढी उरली आहे आणि गेली एकोणीस वर्षं तिला लोक फाटक म्हणतात. पायथ्याकडची बाजू शेजारच्या खुराड्याला दार म्हणून गेली. तिचं बरं चाललंय असं ऐकतो. कोंबड्या फोटो काढत नाहीत.

ग्रीसमधल्या पिरेयस बंदरातल्या एका लोहाराने मला घडवलं. माझी आताची मालकीण सेवास्ती, तिच्या आईच्या लग्नात मी बोटीने कार्पाथोस बेटावर आलो आणि धक्क्यापासून गावापर्यंत दोन गाढवांच्या पाठीवरून चढलो. तोवर सगळं गाव लाकडी ओट्यावर ओळीने झोपायचं. बायका मला हात लावून बघायला यायच्या. माझ्यावर तीन बाळंतपणं झाली, दोन मरणं झाली. खुद्द सेवास्ती माझ्यावरच जन्मली. पुढे तिच्या मुलाने अथेन्सहून मऊ गादीचा पलंग पाठवला आणि मी अंजिराच्या झाडाखाली जाऊन पडलो. दोन पावसाळे गंजलो. मग तिच्या नवऱ्याने, मिनासने, मला उचललं. मिनास शेळ्या राखतो आणि काहीही फेकत नाही.

त्याने मला दोन खडकांच्या मधल्या खिंडीत बसवलं. वरच्या अंगाला शेळ्यांचं कुरण. खालच्या अंगाला सेवास्तीचा शेंगांचा मळा, एक झरा, झऱ्याखाली दगडी डोणी, आणि त्याच्याही खाली समुद्र. काम सोपं. वसंतात मी बंद राहायचं, म्हणजे शेळ्या मळ्यात शिरत नाहीत. जुलैअखेर शेंगा निघतात, वरची टाकी आटते, तेव्हा मिनास मला सताड उघडून खडकाला बांधतो, म्हणजे शेळ्या झऱ्यावर उतरून पाणी पितात. फाटक बंद दिसलं तर बंद ठेवावं, उघडं दिसलं तर उघडं ठेवावं, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

मग पाहुणे यायला लागले.

खालच्या वाळूला गावात नावसुद्धा नाही. ‘खाली’ म्हणतात. ‘कुठे गेला?’ ‘खाली.’ पाहुण्यांनी तिला ‘अस्पर्श किनारा’ असं नाव दिलं आणि तिला स्पर्श करायला रांग लावली. ती जागा कुणालाच ठाऊक नाही, हे कॉफीवाला वांगेलिस येईल त्याच्या कानात सांगतो. एका सकाळी मी अकरा माणसं एकांतात बसलेली पाहिली. बारावा आला आणि हिरमुसून म्हणाला, “इथे कुणीच नसतं असं वाचलं होतं.”

“आम्हीही तेच वाचलं,” अकरापैकी एक तुटकपणे म्हणाला आणि त्याने आपला पंचा थोडा पसरून घेतला.

माझ्या कांबींवर कोपर टेकून त्यांचे फोटो निघतात. “किती अस्सल आहे ना हे!” असं एक बाई एकदा सेवास्तीला खुणा करकरून सांगत होती. सेवास्ती मळ्यातूनच म्हणाली, “अस्सल तर अस्सल. जिथे टेकलीयेस तिथे माझ्या आजीने डोळे मिटले.” बाईला ती भाषा कळली नाही. तिने हसून अंगठा दाखवला.

फाटक हे उघडण्यासाठी असतं असा या लोकांचा ठाम समज. लावायचं काम बहुधा फाटकाचंच असावं. एका मे महिन्यात त्यांच्या कृपेने नऊ शेळ्या मळ्यात उतरल्या आणि शेंगांचे तीन वाफे साफ झाले. सेवास्तीने नवऱ्याला फैलावर घेतलं, नवरा वांगेलिसवर चढला. वांगेलिसने तेलाचा डबा कापून पाटी बनवली. चार भाषांत लिहिलं: ‘फाटक बंद करा.’ खाली शेळी काढली. ती कुत्र्यासारखी झाली. पाटी माझ्या छातीवर तारेने टांगली गेली.

चार वर्षं ती लोंबत होती. त्या चार वर्षांत पाटी वाचून मला लावणारा एकही माणूस मी पाहिला नाही. वाचून फोटो काढणारे पुष्कळ.

उन्हाळ्यात मला उघडं बांधताना पाटी उतरवायची असं मुळात ठरलं होतं. पहिली दोन वर्षं मिनासने उतरवलीही. मग कंटाळला. गेल्या ऑगस्टच्या सुरुवातीला सेवास्तीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. बोटीने ऱ्होड्स बेटावर जायचं, दोन दिवसांत परतायचं. निघायच्या आदल्या दिवशी दोघं माझ्यापाशी आली. मिनासने दोरीच्या तीन गाठी मारून मला खडकाला बांधलं.

“पाटी काढ की रे,” सेवास्ती म्हणाली.

“कशाला? आजवर वाचून कुणी लावलंय?”

“एखादा लावेल.”

“एखादा! म्हातारे, मोतीबिंदू पिकला तुझा. तुला पाहुण्यांच्या जागी माणसं दिसायला लागली.”

ती हसली. मलाही ते पटलं होतं. पाहुण्यांविषयी मिनासचं आणि माझं मत कधीच वेगळं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं बोटीत बसली आणि इकडे एक जोडपं खिंडीतून खाली उतरलं. योआखिम आणि उटे. पांढरे केस, मजबूत बूट, आणि हातात एक पिशवी. त्या पिशवीत ते वाटेवरचा इतरांचा कचरा गोळा करत होते. खरं सांगतो, माणसं चांगली होती. घात झाला तो तिथेच.

ऑगस्टातला उत्तरेचा वारा, ज्याला इथे मेल्तेमी म्हणतात, तो दुपारी सुटला. वाळू डोळ्यांत जायला लागली तशी ती दोघं परत फिरली आणि माझ्यापाशी थांबली.

“बघ, योआखिम! एवढी चार भाषांत पाटी आहे आणि फाटक सताड!”

“वर बांधून ठेवलंय! येता-जाता लावायचा कंटाळा. लोकांना लाज कशी ती नाही.”

“बिचारे गावकरी. आपल्यासारख्यांना किती शिव्या देत असतील.”

“आपल्यासारख्यांना नाही, उटे,” योआखिम म्हणाला, आणि बाह्या सरसावून मिनासच्या गाठी सोडवायला बसला. पंधरा मिनिटं लागली. नख तुटलं. पण तरुणपणी तो शिडाच्या होड्यांवर होता. त्याने मला लावून घेतलं आणि त्याच दोरीने अशी गाठ मारली की जितकं ओढावं तितकी ती आवळत जावी. मग माझा फोटो काढला. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी पाटी वाचून मला लावलं होतं, आणि मी लोखंडाचा. ओरडू शकत नव्हतो.

संध्याकाळी शेळ्या आल्या. पुढे माव्री, काळी, म्हातारी, सगळ्या कळपाची म्होरकी. तिने नाक माझ्या कांबींतून घातलं. झरा समोर दिसत होता, डोणीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. घरमालकाने काहीतरी विसरून दार लावलं असावं आणि आता उघडेल, अशी तिची नजर होती.

मेल्तेमी तीन दिवस थांबला नाही. बोटी बंद झाल्या. मिनास ऱ्होड्सच्या धक्क्यावर अडकला आणि त्याने वांगेलिसला फोन केला, हे मला नंतर कळलं.

“फाटक उघडं आहे ना रे? जरा जाऊन बघतोस?”

“अरे, तू स्वतः बांधून गेलास ना? मग कोण लावणार? इथले पाहुणे? ते मोटारीचं दार धड लावत नाहीत!” असं म्हणून वांगेलिसने पत्ते पिसले.

आणि वाऱ्यामुळे किनाऱ्यावर कुणीच आलं नाही. ज्या एकांतासाठी लोक हजार मैल येतात तो तीन दिवस तिथे पडून होता. एकही गिऱ्हाईक नाही.

शेळ्यांनी मला धडका दिल्या. वाऱ्याने समुद्राचे तुषार आणून माझ्यावर शिंपडले, ते त्यांनी चाटले. खारटच ते, तहान वाढली. मी हललोसुद्धा नाही. मजबूत म्हणून माझं आयुष्यभर कौतुक झालं. त्या तीन दिवसांत मला माझ्या मजबुतीचा जेवढा तिटकारा आला तेवढा कुठल्या पाहुण्याचाही आला नव्हता.

चौथ्या दिवशी वारा पडला. गाणी लावलेला डबा आणि कलिंगड घेऊन दोन टोणगे उतरले.

“हे काय, बांधलंय की!”

“पाटीवर लिहिलंय, बंद करा.”

“कुत्र्यांसाठी असेल. काप रे दोरी.”

कलिंगडाच्या सुरीने दोरी कापली, मला लाथ मारून उघडलं, मागे वळूनही न बघता निघून गेले. आजवर मला लाथ मारणाऱ्या कुणाचा मी ऋणी नव्हतो. तेवीस शेळ्या माझ्यावरून धडपडत पाण्याकडे गेल्या. चार उठल्या नाहीत. माव्री माझ्या बिजागरीला टेकूनच पडली होती.

दुसऱ्या दिवशी मिनास आला. मागे सेवास्ती, एका डोळ्यावर पट्टी. त्याने चारही शेळ्या भिंतीकडेला पुरल्या, वर दगड रचले. तो हात पुसत होता तोच ते जोडपं परत उतरलं.

“नमस्कार!” मोडक्यातोडक्या बोलीत योआखिम म्हणाला. “पुन्हा उघडं टाकलं का कुणी? चार दिवसांपूर्वी आम्ही लावलं होतं. चांगलं घट्ट!”

“तुम्ही?” मिनास म्हणाला.

“हो! पाटी वाचली ना.”

सेवास्तीने तोंड उघडलं. मिनासने तिचं कोपर धरलं. मग त्याने पाटीकडे पाहिलं.

“वाचलीत,” तो म्हणाला. “बरं केलंत.”

ती दोघं खूश होऊन वाळूकडे गेली.

“बरं केलंत? माव्रीला मातीत घातलीस आणि बरं केलंत? जीभ झडली होती का तुझी?”

“पाटी मी टांगली, सेवास्ती. त्याने ती वाचली. मी धरून चाललो होतो की सगळे एकजात गाढव आहेत. आता कुठल्या तोंडाने भांडू?”

“निदान सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर रडला असता. आणि पुढच्या वर्षी शेळ्यांसाठी बाटलीतलं पाणी घेऊन आला असता.”

त्याने तार उलगडली, पाटी काखेत मारली. जाताना मला उघडं बांधलं, आणि या वेळी गाठी चार मारल्या.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी याल. वांगेलिस तुमच्याही कानात सांगेल. तेव्हा एवढंच करा: उघडं टाकलेलं फाटक आणि उघडं ठेवलेलं फाटक यांतला फरक ओळखा. टाकलेलं वाऱ्यावर आपटत असतं. ठेवलेल्याला कुणीतरी वाकून गाठ मारलेली असते. चांगुलपणाची फारच हुक्की आली तर गाठीला हात लावायच्या आधी गावात जाऊन विचारा. अर्ध्या तासाची चढण आहे, ऊन आहे, तुमचे बूट नवे आहेत. फार आहे, मान्य.

माव्रीला झऱ्यापर्यंत चाळीस पावलं होती.